तेलाशिवाय मऊसूत हमस: माझं चुकतंय कुठे?

निळीशाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळत होता, शेवटी आज धागा काढलाच. बाबांना डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलंय आणि आमच्याकडे हमस (काबुली चणे वाटून केलेलं मऊ तोंडीलावणं) म्हणजे सगळ्यांचा जीव की प्राण, त्यात बाबांचा सगळ्यात जास्त. आत्तापर्यंत मी जसं करायचे त्यात २०० ग्रॅम सुक्या काबुली चण्यांना ४ टेबलस्पून ऑलिव्ह ऑइल मिक्सरमध्येच घालायचे, एक चमचा ताहिनी (वाटलेल्या तिळाची पेस्ट), लिंबू, लसूण, मीठ. छान व्हायचं. आता ते तेल पूर्ण काढलं आणि त्याऐवजी तेवढंच पाणी घातलं तर इतकं भरड झालं की काय सांगू, जिभेवर बारीक कण लागत होते, घशाला कोरडं कोरडं, आणि तासाभराने वाडगा उघडला तर कडेने पाणी सुटलेलं आणि मध्ये गोळा बसलेला. बाबा काही बोलले नाहीत, दोन गाजरं त्यात बुडवून खाल्ली आणि वाडगा हळूच बाजूला सरकवला. ते बघून फार वाईट वाटलं हो.

माझी पद्धत अशी: चणे ४-५ तास भिजवते, शिजताना मीठ आणि अर्धं लिंबू पिळते म्हणजे चव आतपर्यंत जाते, शिजले की फ्रीजमध्ये गार करते आणि मग मिक्सरमधून एक मिनिट फिरवते. तेलाशिवाय खरंच मऊ होतं का, की ती आशा सोडून द्यावी? कोणी करत असेल तर अगदी बारीकसारीक गोष्टींसकट सांगा प्लीज.

रात्रपाळी
मलाही हवंय हे. वाचनखूण साठवली.

संथआच
निळीशाई, आशा अजिबात सोडू नका. काही वर्षं मी एका लेबनीज स्वयंपाकघरात काम केलंय, तिथे रोज सकाळी पहिलं काम हमसचं असायचं, आणि तुम्हाला सांगतो, वाटताना त्यात तेलाचा एक थेंबही पडायचा नाही. चणे, ताहिनी, लिंबू, लसूण, मीठ आणि बर्फाचं पाणी, संपलं. ऑलिव्ह ऑइल यायचं ते अगदी शेवटी, ताटलीत पसरून झाल्यावर वरून धार म्हणून, आणि ज्याला नको त्याला ते न घालता द्यायचो. अरबीत पूर्ण नावच 'हुम्मुस बि तहीना' असं आहे, म्हणजे ताहिनी घातलेले चणे. हुम्मुस म्हणजे नुसते चणे, आणि तहीना हा शब्द दळणे या क्रियापदावरून आलाय. नावात कुठे तेल आहे का सांगा.

त्यामुळे तुमच्या हमसमध्ये तेल कमी पडलं हे मला पटत नाही. चणे कच्चे राहिले आणि ताहिनी कमी पडली. आधी तेल होतं म्हणून हे दोन्ही झाकलं जात होतं, तेल गेल्यावर उघडं पडलं.

पहिली गोष्ट, शिजताना लिंबू. ते ताबडतोब बंद करा. आंबट पाण्यात कुठलंही कडधान्य लवकर मऊ होत नाही, तासन् तास उकळलं तरी आतून दडस राहतं. दुसरं, ४-५ तास भिजवणं कमी आहे, रात्रभर भिजवा, १० ते १२ तास. तिसरं, 'शिजले' म्हणजे किती शिजले हे बघा. भाजीला शिजवतो तसे आख्खे, टपोरे, दाताखाली लागणारे चणे हमसला चालत नाहीत. एक चणा अंगठा आणि पहिल्या बोटात धरा आणि अगदी हलकं दाबा, जोर लावायचा नाही, त्याचं लोण्यासारखं पीठ झालं पाहिजे आणि मध्ये टणक असं काहीच हाताला लागता कामा नये. भांड्यात अर्धेअधिक चणे फुटलेले दिसायला हवेत. जास्त शिजले अशी भीती वाटायला लागली की समजा आता जमलं.

प्रयोगवही
संथआच यांनी लिंबाचं अगदी बरोबर सांगितलंय, त्यामागचं कारण लिहिते म्हणजे लक्षात राहील. चण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. मऊ शिजणं म्हणजे हे पेक्टिन विरघळणं. आम्लात ते टिकून राहतं, अल्कधर्मी पाण्यात भराभर सुटतं, म्हणून खायचा सोडा. आणि तुमच्याकडे पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला उलट घट्ट बांधून ठेवतं, मग कितीही शिजवा, चणे कडकच. अशा वेळी भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घेऊन बघा, फरक नक्की दिसेल.

मीठ मात्र वाईट नाही हां. मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपण लहानपणापासून ऐकतो पण भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल उलट मऊ पडते. मी २०० ग्रॅम चण्यांना १ लिटर पाणी, १ टीस्पून मीठ आणि अर्धा टीस्पून सोडा घालून भिजवते, सकाळी ते पाणी ओतून चणे चांगले धुते, मग शिजवताना नवीन पाण्यात पाव टीस्पून सोडा. बेकिंग पावडर नव्हे हं, बेकिंग सोडा. पावडरमध्ये आम्ल मिसळलेलं असतं त्यामुळे तिचा इथे उपयोग नाही.

आणि चणे जुने तर नाहीत ना? वर्षानुवर्षं डब्यात पडलेले चणे, त्यातही गरम दमट जागी ठेवलेले, काही केल्या मऊ होत नाहीत. तिथे पद्धतीचा दोष नसतो.

उंबरठा
कुकरमध्ये किती शिट्ट्या?

संथआच
उंबरठा, शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. प्रेशर धरलं की गॅस बारीक करून २५ मिनिटं, मग आपोआप थंड होऊ द्यायचा. उघडून बोटाने दाबून बघा, नाही झालं तर अजून १० मिनिटं. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, चण्यांचा फेस फार येतो आणि सोडा असला की आणखी, तो व्हॉल्व्हमध्ये अडकला तर पंचाईत. मी स्वतः उघड्या पातेल्यात करतो, तासभर ते दीड तास लागतो पण फेस आणि साली दोन्ही वरच्या वर काढता येतात.

मोकळाश्वास
धाग्याचा विषय तेलाचा आहे म्हणून थोडी आकडेमोड मांडते, कारण 'बिनतेलाचं' आणि 'बिनचरबीचं' यात गल्लत होऊ नये, विशेषतः घरात कोणाचं पथ्य असेल तर. १ टेबलस्पून ऑलिव्ह ऑइलमध्ये साधारण १४ ग्रॅम फॅट आणि १२० कॅलरी. म्हणजे निळीशाईच्या जुन्या पद्धतीत नुसत्या तेलाचे ५६ ग्रॅम. ताहिनीमध्ये १०० ग्रॅमला साधारण ५४ ग्रॅम फॅट असतं, म्हणजे तीही निम्म्याहून जास्त तेलच, फक्त तिळाच्या आत बसलेलं, आणि सोबत प्रथिनं नि फायबर येतं जे बाटलीतल्या तेलात नसतं. सुक्या चण्यांत १०० ग्रॅमला ६ च्या आसपास.

समजा २०० ग्रॅम सुके चणे आणि १०० ग्रॅम ताहिनी घेतली तर सगळं मिळून साधारण ६६ ग्रॅम फॅट, आणि पाणी-लिंबू धरून हमस होतं पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे ६० ग्रॅमच्या एका वाढपात ५ ग्रॅमच्या थोडं वर. ताहिनी ५० ग्रॅमवर आणली तर तेच साडेतीनच्या आत येतं. आता बाबांना यातलं किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांनाच विचारा, 'तेल कमी' म्हणताना त्यांच्या मनात ताहिनी होती की नाही हे आपण इथे बसून ठरवू नये.

निळीशाई
बापरे, किती मनापासून लिहिताय सगळे, खूप खूप धन्यवाद! मोकळाश्वास, आजच फोन करून विचारलं, ताहिनी थोडी चालेल म्हणाले, वेगळं तेल नको. संथआच, लिंबाचं वाचून डोक्याला हात लावला, इतकी वर्षं मी चव मुरावी म्हणून घालत होते. आज चणे भिजवलेत, उद्या करते. साली काढायच्या का? दोनशे ग्रॅम चण्यांच्या साली एकेक करून काढायच्या म्हणजे अख्खी दुपार जाईल.

धुकंधुकं
साली एकेक करून नको, अजिबात नको. सोडा घालून शिजवलेस ना की शेवटच्या दहा मिनिटांत साली आपणहून सुटतात. गॅस बंद कर, थोडं कोमट झालं की मोठ्या पातेल्यात भरपूर गार पाणी ओत आणि दोन्ही तळहातांत चणे घेऊन अगदी अलगद चोळ, चिरडायचे नाहीत. साली तरंगून वर येतात, पातळ, पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. वरचं पाणी हळूच ओतून दे, साली त्याबरोबर जातात आणि चणे खाली राहतात. परत पाणी, परत चोळ, परत ओत. तीन-चार वेळा केलंस की ऐंशी टक्के साली गेल्या, पाच-सात मिनिटांचं काम. उरल्या त्या राहू देत.

जिभेवर जे कण लागतात ना त्यातले बरेचसे सालीचेच असतात, घरचा मिक्सर साल पूर्ण बारीक करू शकत नाही.

संथआच
चोळून झाल्यावर एक करा, चणे चाळणीत पूर्ण निथळवा आणि परत दोन मिनिटं गरम पाण्यात टाकून गरमच वाटायला घ्या. फ्रीजमधले गार चणे वाटू नका. हे तुमच्या पद्धतीतलं लिंबाच्या खालोखाल दुसरं मोठं कारण आहे.

प्रयोगवही
हो, गार झाले की चण्यातला स्टार्च परत घट्ट होतो, कण कडक होतात. गरम असताना तो फुगलेला, पाणी धरून असतो आणि मिक्सरच्या पात्याखाली सहज फुटतो. म्हणूनच तयार हमसही फ्रीजमध्ये घट्ट होतं. वाटताना हवं त्यापेक्षा जरा सैल ठेवायचं.

उंबरठा
डब्यातले तयार चणे वापरले तर? मी एकटा असतो, भिजवणं राहून जातं.

धुकंधुकं
चालतात की. पण डब्यातून थेट मिक्सरमध्ये नको. निथळून धुवून घ्या, बुडतील एवढ्या पाण्यात पाव टीस्पून सोडा घालून १५-२० मिनिटं उकळा. साली सुटायला लागतात, चणे फुगतात, मग वरच्यासारखंच चोळून धुवायचं. डब्यातल्या पाण्यात मीठ असतं म्हणून नंतरचं मीठ चाखून घाला.

रात्रपाळी
ते चण्याचं पाणी टाकायचं नसतं ना? ॲक्वाफाबा का काय म्हणतात.

प्रयोगवही
तेच. ॲक्वा म्हणजे पाणी आणि फाबा म्हणजे शेंगेतलं बी, लॅटिनमधून २०१५ साली हे नाव जुळवलं. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी कडधान्याच्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो हे दाखवलं होतं. त्यात चण्यातून उतरलेला स्टार्च आणि प्रथिनं असतात, त्यामुळे तेल आणि पाणी एकजीव ठेवायला ते मदत करतं आणि हमस सैल करायला साध्या पाण्यापेक्षा सरस. पण एक अट आहे, शिजवताना सोडा घातला असेल तर ते पाणी वापरू नका, साबणासारखी चव येते. एक तर सोडा, नाही तर ॲक्वाफाबा. माझं मत विचाराल तर सोडा. मऊपणासाठी त्याला तोड नाही, आणि सैल करायला बर्फाचं पाणी पुरतं.

निळीशाई
पहिला प्रयोग झाला! चणे इतके मऊ झाले की चाळणीत ओतताना निम्मे मोडले, साली भराभर निघाल्या, धुकंधुकं तुझी युक्ती फार सुंदर आहे, पाण्यावर तरंगणाऱ्या साली बघून लेकीला तर खेळच वाटला, तिनेच सगळ्या ओतल्या. हमस आधीपेक्षा शंभर पटीने मऊ. पण दोन अडचणी आल्या. एक, मागे कुठेतरी साबणासारखी चव लागतेय. भिजवताना एक चमचा आणि शिजवताना एक चमचा सोडा घातला, जास्त झाला का? दुसरी, ताहिनीत लिंबू घातल्याबरोबर ती फाटली! एकदम घट्ट, रवाळ गोळा झाला, मी घाबरून ती टाकूनच दिली आणि परत एकच चमचा घालून भागवलं. जीव तुटला टाकताना.

संथआच
अरेरे, टाकायला नको होती हो! ती फाटली नव्हती, ती अर्ध्या वाटेवर होती. हे मी नीट सांगायला हवं होतं, कारण सगळं मर्म इथेच आहे.

एका वाडग्यात १०० ग्रॅम ताहिनी घ्या, म्हणजे ६-७ टेबलस्पून. त्यात ३ टेबलस्पून लिंबाचा रस घाला आणि चमच्याने ढवळा. लगेच घट्ट होईल, चमच्याला गोळा चिकटून फिरेल, रंग गडद होईल, अगदी बिघडल्यासारखं दिसेल. थांबायचं नाही. आता बर्फाचं पाणी, एका वेळी एक चमचा, आणि ढवळत राहायचं. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्यापर्यंत गोळा आणखीच हट्टी होतो. चौथ्या-पाचव्याच्या सुमारास कडेने चकाकी दिसायला लागते, गोळा ढिला पडतो, आणि मग बघता बघता सगळं सैल, गुळगुळीत आणि पांढरट होतं. बदामी रंगाची ताहिनी हस्तिदंती दिसायला लागते. चमचा उचलला की जाड पट्टीसारखी खाली पडते आणि क्षणभर तिची वळी वर दिसत राहते. हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की परत कधी घाबरणार नाही. तुम्हाला तेलातून जो मऊपणा हवा होता तो हाच.

प्रयोगवही
कारण सांगते. ताहिनी म्हणजे तिळाच्या तेलात तरंगणारे तिळाचे अगदी बारीक कोरडे कण. थोडंसं पाणी पडलं की हे कण ते पिऊन घेतात आणि एकमेकांना चिकटतात, म्हणून गोळा. पाणी पुरेसं झालं की चित्र उलटं होतं, आता पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब तरंगतात आणि तिळातली प्रथिनं त्यांना वेगळं धरून ठेवतात. एवढे बारीक थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात म्हणून रंग पांढरा दिसतो, दुधाचा दिसतो तसा.

तुझ्या पहिल्या वेळेस पाणी सुटलं त्याचं कारणही यातच आहे. ताहिनी एकच चमचा, चणे भरड, पाण्याला धरून ठेवायला काही नव्हतंच.

सोडा, हो, फार झाला. भिजवताना अर्धा आणि शिजवताना पाव टीस्पून, सपाट मोजून, आणि मध्ये चणे तीन-चार पाण्यांनी धुवायचे. हे आधी लिहिलं होतं पण चमचा म्हणजे टीस्पूनच हे ठसवायला हवं होतं.

धुकंधुकं
मी संथआचदादांपेक्षा उलट करते हं. आधी नुसते गरम चणे मिक्सरमध्ये, पाणी न घालता, घट्ट पेस्ट होईपर्यंत, भांड्याच्या कडा खरवडत दोन-तीन मिनिटं. मग ताहिनी, लिंबू, आणि शेवटी बर्फाचं पाणी धारेने. घट्ट असताना कण एकमेकांवर घासून बारीक होतात, आधीच पातळ केलं तर ते पाण्यात नुसते गोल फिरत राहतात आणि पात्याला सापडत नाहीत.

संथआच
फूड प्रोसेसर असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर, आम्हीही तिथे चणे आधीच वाटायचो. पण घरच्या अरुंद मिक्सरच्या भांड्यात घट्ट चणे पात्याखाली पोकळी करतात आणि मोटर नुसती घुं घुं करते, म्हणून मी ताहिनी वाडग्यात वेगळी करून ठेवायला सांगतो, ती खाली घालायची आणि त्यावर गरम चणे. दोन्ही करून बघा, आपलं भांडं कुठल्या पद्धतीला साथ देतं ते कळेल. एक मिनिटावर मात्र थांबू नका. मध्ये मोटरला श्वास घेऊ देत, कडा खरवडत, एकूण ४-५ मिनिटं.

उंबरठा
लसूण कच्चाच घालायचा? मला नंतर दिवसभर उग्र लागतो.

प्रयोगवही
लसूण लिंबाच्या रसातच ठेचा किंवा किसा, आणि दहा मिनिटं तसाच ठेवून मग तो रस वापरा, हवं तर गाळून. लसूण चिरडला की त्यातलं एन्झाइम उग्र वासाचं ॲलिसिन तयार करतं, आणि आम्लात ते एन्झाइम काम करू शकत नाही. चव राहते, झोंबणं जातं. आधी कोरडा ठेचून मग लिंबू पिळलं तर उशीर झालेला असतो, ॲलिसिन तोवर झालेलं असतं.

उंबरठा
हे माहीतच नव्हतं! आजच करतो.

पाऊलवाट
आमच्याकडे मुलाला तिळाची ॲलर्जी आहे, त्यामुळे ताहिनीचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत तर १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा लेबलवर जाहीर करावाच लागणारा नववा मुख्य ॲलर्जन झालाय, पण तयार हमस आम्ही तरी घेत नाही. मी सूर्यफुलाच्या बियांची पेस्ट वापरते, ४० ग्रॅम बिया मंद भाजून, वाटून, आणि बाकी सगळं वरच्यासारखंच. लिंबू घातल्यावर तीही तशीच आधी घट्ट होते आणि मग सुटते. चव वेगळी, पण मऊपणा येतो. ज्यांना बियांची फॅटही नको त्यांनी चण्यांपैकी पाव भाग खूप मऊ शिजवलेल्या पांढऱ्या राजम्याने बदलून बघा, त्याची साल पातळ आणि आतला गर फार मखमली असतो. बटाटा घालू नका, मिक्सरमध्ये त्याची खळ होते, मी एकदा घातला होता आणि ते चमच्याला तार धरत होतं.

मोकळाश्वास
पाऊलवाट, फार उपयोगी माहिती. घरी ताहिनी करणाऱ्यांसाठी विचारते, तीही तेल न घालता होते का?

धुकंधुकं
होते, धीर लागतो. सालीशिवायचे पांढरे तीळ घे, साल असलेल्यांची कडवट होते. मंद आचेवर सतत हलवत फक्त सुगंध सुटेपर्यंत भाज, रंग बदलायच्या आत उतरव. कोमट असतानाच वाट, कमीत कमी २०० ग्रॅम तरी घे म्हणजे पात्याला पकड मिळते. आधी पीठ होतं, मग ते ओलसर होऊन कडांना थापलं जातं, इथे सगळ्यांचा धीर सुटतो आणि लोक तेल ओततात. ओतू नको. मोटर थांबव, खरवड, परत फिरव, असं पाच-सहा वेळा. तिळात निम्मं तेलच असतं, ते सुटतं आणि एकदम धारेची ताहिनी होते.

रात्रपाळी
या विषयावर एवढी चर्चा होईल वाटलं नव्हतं. यावरून आठवलं, २०१० मध्ये हमसवरून दोन देशांत विक्रमाची चुरस लागली होती ना?

संथआच
हो! जानेवारी २०१० मध्ये इस्राएलमधल्या अबू घोष गावात सुमारे ४ टनांचं हमस करून विक्रम केला आणि मे महिन्यात लेबनॉनने १०,४५२ किलोचं करून तो मोडला. तो आकडा उगाच आला नव्हता, लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. पदार्थावर एवढा जीव असतो तिथल्या लोकांचा.

निळीशाई
झालं!!! सविस्तर लिहितेय, कोणाला उपयोग होईल.

२०० ग्रॅम चणे, १२ तास भिजवले, अर्धा टीस्पून सोडा आणि १ टीस्पून मीठ घालून. सकाळी चार पाण्यांनी धुतले. उघड्या पातेल्यात पाव टीस्पून सोड्याबरोबर सव्वा तास, फेस काढत. साली लेकीने चोळून ओतल्या. लसणाच्या दोन पाकळ्या ३ टेबलस्पून लिंबाच्या रसात किसून दहा मिनिटं ठेवल्या, गाळल्या. ताहिनी ७० ग्रॅम, मध्यममार्ग म्हणून. रस घातला, गोळा झाला, ढवळत राहिले. खरं सांगते, तिसऱ्या चमच्याला हात थांबला होता, वाटलं परत गेलं हे, पण तुमचं वाक्य आठवून आणखी दोन चमचे पाणी घातलं आणि कडेने ती चकाकी दिसली. मी एकटीच ओट्याशी उभी राहून मोठ्याने 'सुटलं!' म्हणाले, आतून सगळे धावत आले.

मग धुकंधुकंची पद्धत, आधी नुसते गरम चणे. माझ्या मिक्सरमध्ये ते खरंच अडकले, पात्याखाली पोकळी झाली, म्हणून तीन चमचे ताहिनीचं मिश्रण आत घातलं आणि मग छान फिरलं. म्हणजे दोघांचंही थोडं थोडं. साडेचार मिनिटं, चार वेळा थांबून. बर्फाचं पाणी एकूण ७-८ टेबलस्पून लागलं. मीठ पाऊण टीस्पून, जिरेपूड चिमूटभर. मिक्सरमधून काढताना ते चमच्यावरून आपणहून घरंगळत होतं, जरा जास्तच सैल वाटलं, पण तासाभराने बरोबर बसलं. पाणी सुटलं नाही. साबणाची चव नाही.

ताटलीत पसरून चमच्याच्या पाठीने मध्ये खळगा केला आणि तेलाच्या जागी थोडं ताहिनी-लिंबाचं पांढरं मिश्रण बाजूला ठेवलं होतं ते ओतलं, वरून चार आख्खे चणे आणि पॅप्रिका. बाबांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "यात तेल घातलंस ना गं?" मी नाही म्हटलं तर त्यांनी परत एकदा विचारलं. मग काही न बोलता पिटा ब्रेडच्या शेवटच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली. माझे डोळे भरून आले.

संथआचदादा, प्रयोगवहीताई, धुकंधुकं, सगळ्यांचे मनापासून आभार.

प्रयोगवही
वाचून फार आनंद झाला. एक राहिलं, ठेवण्याबद्दल. शिजवलेले चणे आणि हमस बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ४ दिवस. वर तेलाचा थर नाही त्यामुळे पृष्ठभाग सुकून साय धरल्यासारखा होतो, तर बटर पेपरचा गोल कापून थेट हमसवर चिकटवून ठेव. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढ आणि चमचाभर कोमट पाणी घालून जोरात फेट, परत पहिल्यासारखं.

पाऊलवाट
फ्रीझरमध्येही राहतं, मी दोन-तीन महिने ठेवते, छोट्या डब्यांत, वर थोडी जागा सोडून. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढायचं. सूर्यफुलाच्या बियांचं माझं तर नीट परत येतं, ताहिनीचं कसं येतं कोणी सांगेल का?

निळीशाई
पाऊलवाट, आज दोन डबे फ्रीझरमध्ये टाकलेत. पुढच्या रविवारी काढते आणि कसं आलं ते इथेच लिहिते. चण्यांची दुसरी खेप मात्र आजच भिजवावी लागणार, बाबांनी विचारलंय.